कांदा करायचा नाही, असं ठरलंय

मे महिन्यात आमच्या घरात एक ठराव पास होतो. सूचक नाना, म्हणजे माझे सासरे. अनुमोदक आमचे हे. ठरावाचा मजकूर वर्षानुवर्षं तोच: पुढच्या साली कांदा करायचा नाही. आम्ही निफाड तालुक्यातले. आमच्याकडे कांदा सोडायची भाषा म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला धरण्यासारखं आहे. पण हिशेबपट्टीच तशी असते. हमाली, तोलाई, वाराई आणि गाडीभाडं वजा होऊन खाली जो आकडा उरतो, तो बघून नाना चष्मा काढतात, धोतराच्या सोग्याला पुसतात आणि पुन्हा डोळ्यांवर चढवतात. आकडा तेवढाच असतो.

"बास झालं आता," नाना म्हणतात. "जगाला कांदे खाऊ घालायचा मक्ता आपणच घेतलाय का?"

यावर सगळ्यांचे हात वर. सासूबाईंचा तर भाकरीचं पीठ लागलेला हातसुद्धा वर. मग पर्यायांवर चर्चा होते. मका म्हटलं की लष्करी अळी आठवते. सोयाबीन म्हटलं की त्याचा भाव आठवतो आणि कांद्याचा बरा वाटायला लागतो. शेळीपालनाचा व्हिडिओ ह्यांनी पाठ केलेला आहे. त्यात दहा शेळ्यांच्या पाहता पाहता शंभर होतात. पण आमच्याकडे आधी जी एक शेळी होती, तिने एकटीने शेजारच्या आप्पांची द्राक्षाची कोवळी फूट खाऊन दोन घरांचं बोलणं बंद पाडलं होतं. तेव्हा शंभरांचा विषय तिथेच थांबतो. पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "नाना, ड्रॅगन फ्रूट लावा."

"चवीला कसं असतं?"

"चव अशी फारशी नसते."

"मग खातं कोण?"

"पुण्यात खातात."

नाना बराच वेळ पुण्याबद्दल काही बोलले नाहीत.

शेवटी मूळ ठराव दुरुस्तीशिवाय मंजूर होतो. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही आमच्या शब्दाला इतके पक्के राहतो, की कुणाला खोटं वाटेल. याचं एक कारण असंही आहे की उन्हाळ कांद्याचं बी टाकायचं असतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्याआधी मनात आणलं तरी ठराव मोडता येत नाही.

पहिली चीर पडते नवरात्रात. सासूबाई घटापुढे बसल्या बसल्या, कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणतात, "घरापुरता तरी लावा. कांद्याच्या गावात राहून विकतचा कांदा आणायचा म्हणजे शेजारणीसमोर पिशवी लपवून न्यावी लागेल." मुद्दा बिनतोड असतो. घरापुरता म्हणजे एक वाफा. एका वाफ्याने ठराव मोडतो असं कुणी म्हणत नाही.

वाफ्यासाठी बी काढायला नाना कोठीतला पत्र्याचा डबा उघडतात. डब्यात भरपूर बी असतं. आता कांद्याच्या बीला आयुष्य कमी. वर्ष उलटलं की उगवण अशी घसरते, की पेरून उपयोग नाही. नाना मूठभर काळं बी तळहातावर घेतात, फुंकर मारतात, आणि म्हणतात, "पुढच्या साली हे फुकट जाणार. लक्ष्मी आहे, टाकून कशी द्यायची?" मग ते बी गादीवाफ्यांवर पडतं. एकराला तीन-चार किलो लागतं, आणि डब्यात सात-आठ किलो तरी असतंच. दीड महिन्याने रोप तरारून येतं. आता एवढं देखणं रोप काय उकिरड्यावर टाकायचं? प्रत्येक पायरीवर आमचं म्हणणं इतकं रास्त असतं, की चूक नेमकी कुठल्या पायरीवर होते हे सांगायला वकील लागेल. एवढं खरं की डिसेंबर उजाडला की घरापुरता कांदा दोन एकर झालेला असतो. एवढं मोठं घर निफाड तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नाही.

कांद्याची लावण ज्यांनी केली नाही, त्यांना मी एक गणित घालते. दोन ओळींत पंधरा सेंटिमीटर, दोन रोपांत दहा सेंटिमीटर. एकरात रोपं किती? अडीच लाखांच्या वर. प्रत्येक रोप हाताने उचलायचं, हाताने टोचायचं. उगवलेला प्रत्येक कांदा हाताने उपटायचा आणि त्याची पात हाताने कापायची. शाळेत मला लाख ही संख्या कळायची नाही. गुरुजींनी पाटीऐवजी वाफ्यात बसवलं असतं, तर दुपारपर्यंत कळली असती.

लावणीला बायकांची टोळी येते. काम उक्तं ठरलेलं असतं आणि टोळीची मुकादम घासाघिशीत कुणाला ऐकत नाही. "चहा दोनदा, आणि दुसरा चहा पहिल्याच्या पाण्याचा नको," ही तिची अट. मीही त्यांच्या ओळीत बसते. मालकीण म्हणून मला मान आहे, म्हणजे मी मागे पडले की त्या मोठ्याने बोलत नाहीत, हळू हसतात. ओल्या वाफ्यात गुडघे मोडून सरकत सरकत दुपार होते. तोवर तीन गावांतली लग्नं जमवून झालेली असतात, एक-दोन मोडूनही. संध्याकाळी मी उभी राहते तेव्हा कंबर म्हणते, तू पुढे हो, मी मागाहून येते.

आणि एवढं करून लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी बघावं, तर झोपलेलं. पिवळं, लोळागोळा, जमिनीला चिकटलेलं. दोन एकर रानात एकसुद्धा रोप उभं नाही. ह्यांचं तोंडही तसंच. "गेलं," हे म्हणतात. "सगळं गेलं. मी म्हणतच होतो." नवं लावलेलं रोप मूळ धरेपर्यंत असंच पडून राहतं, हे ह्यांना लहानपणापासून माहीत आहे. तरी दरवर्षी हे सुतक पाळतात. मग आठ-दहा दिवसांनी सकाळी नाना बांधावर जातात आणि हाक मारतात, "ए, बघ रे, उठलं!" घरातले सगळे पोरासोरांसकट बांधावर. वाफ्यात सुईएवढ्या हिरव्या रेघा सरळ उभ्या असतात, आणि त्या बघताना आमच्यापैकी कुणालाही मे महिन्यातलं काही आठवत नाही.

यानंतर पाणी. शेतीच्या पंपाला लाईट आळीपाळीने मिळते: दिवसपाळीला आठ तास, नाहीतर रात्रपाळीला दहा. आमच्या कांद्याला तहान नेमकी रात्रपाळीच्या आठवड्यात लागते. हिवाळ्यात निफाडचा पारा पेपरात छापून येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंद होते आणि पुण्या-मुंबईची माणसं ती बातमी चहाबरोबर वाचतात, "अरे वा, निफाडला काय थंडी पडलीय!" ज्या रात्रीची ती बातमी असते, त्या रात्री आमचे हे कानाला मफलर बांधून, गुडघाभर चिखलात, खोऱ्याने एका वाफ्याचं तोंड फोडत आणि दुसऱ्याचं बुजवत उभे असतात.

शिवाय बिबट्या. गोदाकाठच्या उसात त्याचं बिऱ्हाड कायमचं आहे. माणसाचा आवाज ऐकून तो लांब राहतो, म्हणून हे मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात. पलीकडच्या रानात आप्पा भजन लावतात. ह्यांची लावणी आणि आप्पांचा अभंग मधल्या उसात एकमेकांना भिडतात. बिबट्या कुठल्या बाजूला आहे, ते अजून कळलेलं नाही. लाईट मधेच गेली की दोन्ही बांधांवरून एकच आरोळी उठते, "तुमच्याकडं हाय का?" तिकडे असली तर फ्यूज आपला उडालेला असतो. तिकडेही नसली तर जिवाला जरा बरं वाटतं.

पहाटे हे घरी येतात. कोपरापर्यंत चिखल, ओठ निळे. चुलीपुढे बसून चहाचा पहिला घोट घेईपर्यंत बोलत नाहीत. मग सुरू होतात: "ही काय जिनगानी आहे? जनावर करणार नाही असलं काम. पोरांना मी शेतीत येऊ देणार नाही. रान विकून टाकीन." मी मान डोलावते. दुसऱ्या घोटाला म्हणतात, "चल, तुला दाखवतो. वरच्या तुकड्यात काय पात सुटलीय!" आता? "आता. दव आहे तोवर चल, ऊन आलं की मजा जाते." आणि ज्या माणसाने आत्ता रान विकलं, तोच माणूस मला थंडीत कुडकुडत त्याच रानात नेतो, वाकून एक पात बोटांत धरतो, तिची जाडी मला दाखवतो. निळसर हिरवी, गोल, आतून पोकळ, वर दवाचा पुसट पांढरा थर. मी "छान आहे" म्हणते. एवढ्याने भागत नाही. मलाही ती हातात धरून बघावी लागते.

हे सगळं घरातल्या घरात हं. बाहेर असं काही बोलायचं नसतं. शेतकऱ्याने आपलं पीक चांगलं आहे असं दुसऱ्या शेतकऱ्याला सांगितल्याचं उदाहरण आमच्या पंचक्रोशीत नाही. आप्पा आणि हे बांधावर भेटतात तेव्हा संवाद असा होतो:

"काय म्हणतोय कांदा?"

"कसला कांदा! करप्यानं खाल्ला. तुमचा?"

"आमचा तर त्याच्या आधीच फुलकिड्यांनी संपवला."

"काय मारलं मग?"

"काही नाही. नुसतं पाणी."

दोघेही एकमेकांच्या हिरव्यागार, गुडघ्याएवढ्या कांद्याकडे बघत हे बोलतात. दोघांनीही काय फवारलंय, हे दोघांना दुकानदाराकडून कळलेलं असतं. दोघेही हळहळत आपापल्या घरी जातात आणि घरी गेल्यावर म्हणतात, "आपल्यापुढे त्याचा काहीच नाही." यात नजर लागण्याची भीती आहे, भावकीची आहे आणि उधार मागणाऱ्याची तर आहेच. पण मला वाटतं, सवयीचा भागही मोठा. रडण्याचा सराव इतका दांडगा, की सुख झालं तर कुठल्या तोंडाने सांगायचं, हे कुणी शिकवलेलंच नाही.

मी मात्र या सगळ्याच्या वरची, असा माझा समज होता. मी बारावी सायन्स. माहेरी फोनवर मी नेहमी सांगते, "मला या चिखलातून कधी सुटका मिळते कोण जाणे." परवा बहिणीचा फोन आला. "ताई, भाचीच्या वाढदिवसाचे फोटो मागितले होते. तू कांद्याचे पाठवलेस." मी मोबाईल उघडून बघितला. भाचीचा फोटो एक, तोही हलल्यासारखा आलेला. बाकी सगळे कांदे: लावणीनंतरचे, खुरपणीनंतरचे, पहिल्या पाण्यानंतरचे. एका फोटोत तर नुसता वाफा, आणि मी त्याला हृदयाचं चिन्ह लावलेलं. मागच्या लग्नसराईत वऱ्हाडाची गाडी पंक्चर झाली, तेव्हा बाकीच्या बायका सावलीत बसल्या आणि मी पैठणी खोचून रस्त्याकडेच्या परक्या रानात उतरले. पात पिवळी दिसत होती. गंधक कमी पडलं असणार. रानाच्या मालकिणीला तसं सांगितलंही. तिने माझ्याकडे, पैठणीकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "तुमचा कसा आहे?"

"कसला!" मी म्हणाले. "करप्यानं खाल्ला."

नानांना एकदा धाकट्या दिरांनी विश्रांतीसाठी पुण्याला नेलं. फ्लॅट, लिफ्ट, गरम पाणी, कशाची कमी नाही. नाना सकाळी बाल्कनीत उभे राहून समोरच्या इमारतीत लाईट आहे का बघायचे. मग ते भाजीवाल्याकडे जायला लागले. घ्यायचं काही नाही. एकेक कांदा उचलायचा, मान दाबायची, पत्ती सोलून बघायची आणि लोकांना सांगायचं, "ह्यानं पाणी उशिरा तोडलं. काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी बंद करायला पाहिजे होतं. हा टिकायचा नाही." भाजीवाल्याने दोन दिवस ऐकून घेतलं, मग दिरांना फोन केला. नाना ठरल्यापेक्षा लवकर परत आले आणि गाडीतून उतरले ते घरात न येता परस्पर रानात गेले. विश्रांती त्यांना मानवली नव्हती.

एप्रिलात कांद्याच्या माना पडतात. अर्ध्या रानाच्या पडल्या की काढणी. मग कापणी, निवड, बारीक गोल्टी वेगळी, जोड वेगळा, आणि चांगला माल साठवणीच्या चाळीत. चाळीतला कांदा म्हणजे घरातलं आजारी माणूस. रोज सकाळी जाऊन वास घ्यायचा. पावसाळी हवेत एक सडला की शेजाऱ्याला बिघडवतो. चार-पाच महिन्यांत सड, कोंब आणि घट मिळून तिसरा हिस्सा सहज जातो. न सडलेल्याचंही वजन उतरतं, कारण कांद्यात शेकडा पंच्याऐंशीच्या वर पाणीच. रात्री जागून, बिबट्याला गाणी ऐकवून भरलेलं पाणी चाळीतून दिवसाढवळ्या उडून जातं.

भावाचं तर विचारू नका. विकला की दुसऱ्या दिवशी चढतो, ठेवला की उतरतो. ७-८ डिसेंबर २०२३ च्या रात्री आमच्यासारखे शेतकरी झोपले तेव्हा कांदा परदेशी जात होता, उठले तेव्हा निर्यातबंदी लागली होती. ४ मे २०२४ ला ती उठली, तीही चाळीस टक्के शुल्क डोक्यावर घेऊन. १९९८ साली याच कांद्याने दिल्लीतलं सरकार घालवायला हातभार लावला होता, असं म्हणतात. नाना ही गोष्ट फार अभिमानाने सांगतात. "आपला कांदा सरकार पाडतो." पाडतो खरा, पण ट्रॅक्टरचा हप्ता त्याच्याने भागत नाही.

मागच्या मे महिन्यात मी पहिल्यांदाच ह्यांच्याबरोबर आणि नानांबरोबर लिलावाला गेले. पहाटेपासून ट्रॉल्यांची रांग. ऊन डोक्यावर आल्यावर व्यापाऱ्यांचा घोळका आमच्या ट्रॉलीशी आला. एकाने दोन कांदे उचलले, दाबले, परत टाकले. कुणीतरी आकडा बोललं, कुणीतरी त्यात पाच रुपये घातले, आणि घोळका पुढे गेला. पाच महिन्यांचा निकाल मिनिटभरात. मी नानांकडे बघितलं. भाव पडलेला, तोंड पडलेलं. एवढ्यात मागच्या ट्रॉलीवरचा एक अनोळखी माणूस, बहुधा येवल्याकडचा, खाली उतरून आला. आमच्या ढिगातला एक कांदा त्याने हातात घेतला, फिरवला, उजेडात धरला. एकसारखा गोल आकार, दुहेरी पत्ती, विटकरी रंग, बारीक मान. मग नानांना विचारलं,

"बाबा, बी कुठलं हो?"

नाना ताठ झाले. पंच्याहत्तरीचा माणूस माझ्या डोळ्यांदेखत पन्नाशीचा झाला. "घरचं आहे," ते म्हणाले. "मूळ राहुरी विद्यापीठाचं एन-२-४-१. पण निवड आपली. दरसाल कांदा मी स्वतः निवडतो, बी धरायला त्याचे डोंगळे मी स्वतः लावतो, आजूबाजूला दुसऱ्या वाणाचा डोंगळा फिरकू देत नाही." ट्रॉली रिकामी झाली, काटा झाला, पट्टी हातात पडली, तरी नाना बोलतच होते. त्या माणसाने शेवटी विचारलं, "पुढच्या साली थोडं बी द्याल का?"

"अहो, म्हणजे काय! घेऊन जा."

घरी येऊन त्याच संध्याकाळी नानांनी ठराव मांडला. बास झालं, जगाचा मक्ता, सगळं नेहमीप्रमाणे. ह्यांनी अनुमोदन दिलं. हात वर झाले. मग नाना उठून चाळीकडे गेले. जरा वेळाने मी चहा घेऊन गेले, तर नाना बॅटरीच्या उजेडात गोणपाटावर बसून एकेक कांदा निवडत होते. सारख्या आकाराचे, बारीक मानेचे बाजूला. पाटी जवळजवळ भरली होती.

"नाना, हे कशाला?"

"डोंगळ्याला."

"आत्ताच ठरलं ना, कांदा करायचा नाही?"

"कांदा कुठं करतोय? बी करतोय," नाना म्हणाले. "शब्द दिलाय माणसाला."

तेव्हापासून मी एका निष्कर्षाला आले आहे. शेतीत पैसे मिळतात का, हे मला विचारू नका. ते हिशेबपट्टीला विचारा, ती तोंडावर सांगेल. पण एखाद्या शेतकऱ्याला त्याच्या कामात सुख आहे का, हे ओळखायचं असेल, तर तो काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नये. तो रडणारच. तो रडत रडत कुठे चालला आहे, एवढंच बघावं. आमच्याकडचे सगळे रडत रडत रानाकडेच जातात.

यंदाची लावण उरकली. तरी गादीवाफ्यांवर थोडं रोप शिल्लक आहे. जोमदार आहे, टाकून द्यायला जीव होत नाही. तुम्हांपैकी कुणाला घरापुरतं हवं असेल तर खुशाल या आणि तुमच्या हाताने उपटून न्या, पैसे नकोत. फक्त परतीची एसटी गाठायची असेल, तर नानांना 'बी कुठलं?' एवढं विचारू नका.